डिंकताईची दुसरी लाइन

टेलिफोन कंपनीत गिऱ्हाईक आणणारी माणसं वरच्या मजल्यावर बसतात. त्यांना खिडक्या आहेत, कॉफीचं यंत्र आहे, आणि महिनाअखेरीला त्यांचे फोटो भिंतीवर लागतात. गिऱ्हाईक जाऊ न देणारी माणसं तळघरात बसतात. तिथे खिडकीही नाही आणि भिंतीवर फोटोही नाहीत. फोनचा करार मुदतीआधी मोडायला निघालेला माणूस वैतागून फोन करतो, तो फोन इकडून तिकडे फिरत शेवटी तळघरात येतो, आणि तिथल्या माणसाने त्याला थोडं चुचकारून, थोडं दंडाची भीती घालून परत जागेवर बसवायचं, असं हे काम. कागदोपत्री या खात्याला काहीतरी सभ्य नाव आहे. कंपनीतले सगळे त्याला 'अडवणूक' म्हणतात.

डिंकताई अडवणुकीतली सगळ्यात जुनी. हे नाव अर्थातच बारशाचं नव्हे. फोनवर एकदा तिच्या हाती लागलेला माणूस सुटत नाही म्हणून कुणीतरी ते ठेवलं आणि तेही डिंकासारखंच चिकटलं. तिला त्याचा राग नव्हता. उलट, आपल्याला काहीतरी येतं याची ती एवढीच काय ती पावती होती, कारण एरवी कुणाला अडवावं किंवा कुणी आपल्याला अडवावं असा योग तिच्या आयुष्यात फारसा आला नाही. लग्नाचं विचारलं की म्हणायची, "रिंग वाजली होती दोन-तीनदा. समोरच्याने ठेवून दिला." ऐकणारे हसायचे. तीही हसायची आणि विषय बदलायची.

तिची विद्या साधी होती. माणसाकडून कारण काढायचं. महाग पडतं म्हणाला, की सवलत हजर. रेंज येत नाही म्हणाला, की उद्याच माणूस पाठवते. दुसऱ्या गावाला चाललोय म्हणाला, की अहो, तिथेही आमचीच सेवा आहे, उलट तिथे जास्त चांगली! कारण तोंडातून बाहेर पडलं की गिऱ्हाईक गेलंच म्हणून समजा, म्हणजे जायचं राहिलंच म्हणून समजा. कारण न सांगणारा माणूस हजारात एखादा. "मला बंद करायचंय. कारण काही नाही," एवढंच म्हणून जो गप्प बसतो, त्याच्यापुढे मात्र डिंकताईसुद्धा हात टेकायची.

दुसरी युक्ती जरा आडवळणाची होती. "एक मिनिट हं, साहेबांना विचारून सांगते," असं म्हणून माणसाला ताटकळत ठेवायचं. साहेबांना कुणी काही विचारत नसे. साहेब तेवढ्यात कुठेतरी डबा खात असायचे. ताटकळणाऱ्याला तिकडे संगीत ऐकू येई, पण त्याच्या बाजूचं सगळं इकडे हेडफोनमध्ये स्वच्छ ऐकू यायचं, आणि हे त्या बिचाऱ्याला ठाऊक नसे. मग तो बायकोला म्हणे, "निम्मं बिल करत असतील तर राहू या का?" किंवा नुसताच सुस्कारा सोडे. डिंकताई ते ऐकून घ्यायची आणि परत येऊन नेमकं तेवढंच द्यायची. यात फसवणूक आहे असं तिला वाटत नसे. माणसाला काय हवंय हे ऐकून घेऊनच त्याला थांबवतो आपण, असं ती म्हणायची. आता यावर काय बोलणार!

घरी तिच्याकडे बारकी होती.

बारकी तिच्या मोठ्या बहिणीची मुलगी. बहीण आणि मेव्हणे दोघंही बदलीच्या नोकरीत, दर दोन-तीन वर्षांनी बोचकी बांधायची. पोरीच्या शाळेचा बट्ट्याबोळ नको म्हणून "एवढं एक वर्ष ठेव गं," असं म्हणत बहिणीने तिला आणून सोडलं. त्या एका वर्षाची शाळा संपली, कॉलेज संपलं, तरी बारकी मावशीकडेच. दोन खोल्या, मधे एक पडदा, पडद्याच्या अलीकडे मावशी, पलीकडे बारकी. आईबाप सुट्टीत येत, मुलीच्या मार्कांबद्दल शेजाऱ्यांकडून अभिनंदन स्वीकारत आणि जाताना मावशीला साडी देत. शाळेच्या कागदावर पालक म्हणून मेव्हण्यांचं नाव. पण ताप आला की कपाळावर हात कुणाचा असे, ते कुठल्याच कागदावर नव्हतं.

रात्रीच्या जेवणाला दोघींचा एक खेळ चालायचा. बारकी गिऱ्हाईक व्हायची. चमचा कानाला लावून करड्या आवाजात म्हणायची, "हॅलो, मला तुमचा फोन नको!" आणि मावशी दुसरा चमचा उचलून तिला अडवायची. सुरुवातीला बारकी लगेच हरायची. मग मोठी होत गेली तशी तरबेज झाली. एकदा तिने विचारलं, "मावशी, तुझ्याकडून सुटायचं तरी कसं?" मावशीने खुशीत येऊन सगळं सांगून टाकलं. कारण द्यायचं नाही. सवलतीला हो-नाही म्हणायचं नाही. तेच वाक्य शांतपणे पुन्हा म्हणायचं. "एवढं जमलं ना, की ब्रह्मदेव आला तरी अडवू शकत नाही तुला."

कॉलेज संपलं आणि बारकीला लांबच्या शहरात नोकरी लागली. मावशीने आनंदाने सगळ्या तळघरात पेढे वाटले आणि त्याच आठवड्यात एक उद्योग केला. कंपनीची एक कुटुंब योजना होती: एक करार, त्याच्यावर दोन लाइनी, दुसऱ्या लाइनीला नवाकोरा फोन फुकट. अट एकच, दोन वर्षं मोडता येणार नाही. बारकी म्हणाली, "मावशी, तूच सांगतेस ना लोकांना फसवायला हे असतं म्हणून?" मावशी म्हणाली, "घरच्या माणसाला कोण फसवतंय?" आणि करार मावशीच्या नावावर झाला, दुसऱ्या लाइनीपुढे बारकीने सही केली.

खरं सांगायचं तर मावशीला फोनचं काही पडलं नव्हतं. दुसऱ्या लाइनीपुढे 'नातं' म्हणून एक रकाना होता. तिथे तिने 'कुटुंब सदस्य' लिहिलं आणि कितीतरी वेळ ते वाचत बसली. बारकी आपली आहे, असं कुठेतरी छापून आलेलं तिने पहिल्यांदाच पाहिलं.

पुढे ती दुसरी लाइन हेच तिचं निमित्त झालं. बिल आलं की फोन. "बिल आलं हं, तुझा डेटा जरा जास्त झालाय." डेटाबद्दल दोन वाक्यं, आणि मग जेवलीस का, खोली कशी आहे, सर्दी गेली का, त्या मैत्रिणीचं पुढे काय झालं. बारकी "बरं, ठेवते मावशी" म्हणाली की मावशीकडे काहीतरी नवं निघायचंच. "अगं, एक राहिलंच." "अगं, ठेवायच्या आधी एवढं ऐक." तिला स्वतःला ते कळत नव्हतं. दिवसभर जे तोंडात बसलंय ते संध्याकाळी जातंय कुठे! बारकी उभ्याची बसायची, बसल्याची आडवी व्हायची, आणि मग शेवटी कुणीतरी तिकडे हाक मारल्यासारखं करून निसटायची.

हळूहळू बारकी फोन उचलेनाशी झाली. नंतर मेसेज यायचा, 'मीटिंगमध्ये होते.' रविवारीसुद्धा मीटिंग. मावशी शेजारणीला सांगायची, "फार काम आहे हो तिला, मोठ्या जागी आहे." शेजारीण मान डोलवायची. शेजारणीलाही मुलं होती आणि तिचं ते मान डोलवणं मावशीला मुळीच आवडायचं नाही. मग ती घरी येऊन पडद्यापलीकडच्या खोलीतला पंखा पुसायची. पंखा कुणी लावत नसल्यामुळे त्याच्यावर धूळ मात्र छान बसे.

आणि एका रविवारी संध्याकाळी बारकीचा फोन आला. स्वतःहून. मावशी भाजी निवडत होती, ती तशीच हात पुसत धावली.

"मावशी, कशी आहेस?"

"मी मस्त! तू बोल. आवाज का बसलाय? पंख्याखाली झोपतेस ना?"

"नाही गं. मावशी, एक काम होतं. ती माझी लाइन आहे ना, तुझ्या करारावरची, ती बंद करायचीय. करार तुझ्या नावावर आहे म्हणून तुलाच सांगावं लागेल त्यांना. मुदतीआधी मोडल्याचा दंड जो काय असेल तो मी भरते."

मावशीने फोन दुसऱ्या कानाला लावला. आणि तिच्या तोंडातून जे बाहेर पडलं ते मावशीचं नव्हतं, तळघरातलं होतं.

"का गं? काही अडचण आहे का? कारण काय?"

पलीकडून बारकी हळूच म्हणाली, "कारण काही नाही, मावशी. मला बंद करायचीय."

"रेंज येत नाही का? मी उद्याच—"

"मला बंद करायचीय."

"बिल माझ्याकडे ठेव सगळं. तू एक पैसा देऊ नकोस. मी म्हणते, राहू दे ना नुसती—"

"मावशी, मला बंद करायचीय गं."

तोच शांत आवाज, तेच वाक्य. जेवणाच्या टेबलावर चमचा कानाला लावून घोटून घेतलेलं. मावशीला वाटलं, आपण इतकं चांगलं शिकवायला नको होतं.

इथे तिने जे केलं ते दुसऱ्या कुठल्याही मावशीने केलं नसतं. दुसरी रडली असती, रागावली असती, "मोठी झालीस आता" असं काहीतरी लागेलसं बोलली असती. हिचा मात्र हात आपोआप चालला. "एक मिनिट हं, दार वाजतंय, बघून येते," असं म्हणून तिने फोनमधला आपला आवाज बंद केला आणि फोन कानालाच धरून ठेवला. दार वाजत नव्हतं. तिने गिऱ्हाइकाला ताटकळत ठेवलं होतं. आपण काय केलं हे तिच्या लक्षात आलं तेव्हा पलीकडे बारकी खोलीतल्या दुसऱ्या कुणाशी तरी बोलायला लागली होती.

"नाही अजून. दार उघडायला गेलीय," बारकी म्हणाली. मग दुसऱ्या मुलीचा आवाज, नीट न कळणारा. मग पुन्हा बारकी.

"अगं, ऑफिसने फोन दिलाय हे सांगितलं तर म्हणेल दोन ठेव. तिच्याकडे सगळ्याला उत्तर असतं… नाही गं, तसं नाही. आवडते ती मला. आईपेक्षा जास्त आवडते, खोटं कशाला बोलू. पण तिच्याशी बोलायला लागलं की निघताच येत नाही. एकदा अडकलं की संध्याकाळ संपते. फोन वाजला की आधीच दमायला होतं मला. म्हणून मग उचलतच नाही. आणि मग रात्री झोप येत नाही, की मी कशी आहे म्हणून."

मावशी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. फोन कानाला, दुसरा हात तोंडावर. आवाज बंद असतानासुद्धा तोंडावर हात. इतकी वर्षं तिने लोकांचे सुस्कारे चोरून ऐकले होते आणि प्रत्येक वेळी त्यातून काहीतरी देण्यासारखं सापडलं होतं. आज देण्यासारखं एकच होतं, आणि तेच द्यायला तिला कधी कुणी शिकवलं नव्हतं. तिला फार वाईट वाटलं. राग मात्र आला नाही. पोरगी रात्री झोपत नाही, एवढंच तिच्या डोक्यात राहिलं.

तिने आवाज चालू केला. "हां, आले. करते उद्या बंद."

"…हो?"

"हो. दंडबिंड काही भरू नकोस, मी बघते. ठेवू?"

बारकी गोंधळली. निसटायची तयारी करून आलेल्या माणसाला दार उघडंच मिळालं की तो जरा उंबऱ्यावर रेंगाळतो, तशी ती रेंगाळली. "मावशी, तू रागावलीस का?"

"नाही गं वेडे. ठेवते."

आणि मावशीने फोन ठेवला. 'अगं, एक राहिलंच' न म्हणता ठेवला.

दुसऱ्या दिवशी एक नवीनच अडचण. कंपनीचा नियम असा, की स्वतःचं खातं स्वतः उघडायचं नाही. म्हणजे करार मोडायचा तर तिलाही बाहेरच्यासारखा फोन करावा लागणार, आणि तो फिरत फिरत येणार तळघरातच. जेवणाच्या सुट्टीत ती जिन्यात जाऊन उभी राहिली. जिन्याच्या दाराला काच होती आणि काचेतून आत बसलेली सगळी मंडळी दिसत होती. तिने नंबर लावला. एक दाबा, चार दाबा, पुन्हा एक दाबा. बऱ्याच वेळाने आत तिसऱ्या टेबलावरच्या मिशीवाल्याने हेडफोन नीट केला.

"नमस्कार, मी आपली काय मदत करू?"

"मला कुटुंब योजनेचा करार मुदतीआधी मोडायचाय."

मिशीवाल्याने मान वर केली, इकडे तिकडे पाहिलं आणि काचेपलीकडे ती दिसली. हा तिच्याच हाताखाली तयार झालेला माणूस. "डिंकताई?" तो कुजबुजला. "अहो, आत या की. काय थट्टा लावलीय?"

"थट्टा नाही. कॉल रेकॉर्ड होतोय, तुमचं काम करा."

बिचाऱ्याला घाम फुटला. त्याने सवलत विचारली, ती नको म्हणाली. मोठा फोन देऊ केला, तोही नको म्हणाली. मग कारण विचारायची वेळ आली तेव्हा तो खुर्चीत वळला आणि तिच्याकडे पाठ करून बसला. समोरासमोर विचारायची त्याची हिंमत झाली नसावी.

"मॅडम, करार मोडण्याचं कारण?"

आता ती काही नवशिकी नव्हती. कारण सांगू नये हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? पण कालपासून कुणी तिला काही विचारलंच नव्हतं. "मी तिला फार धरून ठेवते," ती म्हणाली. "तिला त्रास होतो."

मिशीवाल्याची पाठ हलली नाही. पुढचं त्याने पडद्यावर बघून वाचलं, गडबडीने, जसं तळघरात सगळे रोज वाचतात. "दुसरी लाइन कमी केल्यास आपली कुटुंब योजना चालू ठेवता येणार नाही. कुटुंबासाठी किमान दोन व्यक्ती लागतात. दुसऱ्या कुणाचं नाव घालायचं आहे का, मॅडम?"

हे वाक्य तिने स्वतः किती लोकांना ऐकवलं होतं याची गणती नाही. घटस्फोट झालेल्यांना, मुलं परदेशी गेलेल्यांना, नवरा वारलेल्या बायकांना. आणि त्यातले कित्येक या वाक्यावर मधेच गप्प का व्हायचे, हे तिला कधी समजलं नव्हतं. रेंज गेली असं समजून ती "हॅलो, हॅलो" करायची.

जिन्यात कुणी नव्हतं. वरून कुठूनतरी बादली सरकवल्याचा आवाज आला.

"हॅलो?" मिशीवाला म्हणाला. "हॅलो, मॅडम?"

"नाही," ती म्हणाली. "दुसरं कुणी नाही. एकटीचं करा."

त्याने तसं केलं. सुट्टी संपल्यावर ती आपल्या टेबलावर येऊन बसली. मिशीवाल्याने तिच्यापुढे चहाचा कप आणून ठेवला, आणि ती दुपारभर भल्याभल्यांना अडवत राहिली. त्यातले दोघं मात्र सुटले. त्या दिवशी साहेब म्हणाले, आज काय झालं, डिंक पातळ झाला की काय? सगळे हसले. ती हसली नाही, आणि साहेबांनी पुन्हा ती थट्टा केली नाही.

बारकीचा ऑफिसचा नंबर मेसेजने आला. मावशीने तो साठवला आणि लावला नाही. आता बिल नव्हतं, डेटा नव्हता, दुसरी लाइन नव्हती. कशासाठी केला म्हणून सांगणार? संध्याकाळी घरी आली की ती फोन टेबलावर उताणा ठेवायची आणि पडद्याच्या अलीकडे बसायची. टीव्ही लावला तर रिंग ऐकू येणार नाही म्हणून टीव्ही बंद. कधी कधी तो नंबर उघडून नुसता बघायची. रविवार आला, गेला. आणखी एक गेला. लाइन बंद करून आपण मूर्खपणा केला असंही तिला वाटलं, अगदी मनापासून वाटलं. दोन वर्षं पुरी होऊ दिली असती तर काय बिघडलं असतं? तेवढे दिवस तरी बिलं आली असती. मग ते चोरून ऐकलेलं आठवे, आणि ती उठून उगाच भांडी घासायला लागे.

एका संध्याकाळी ती दमून आली, चपला काढतेय तोच फोन वाजला. नवा नंबर, नाव बारकीचं.

"मावशी!"

"बोल गं. काय काम होतं?"

"काम काही नाही. सहजच केला."

मावशी एक चप्पल पायात, एक हातात, अशी भिंतीला टेकली. सहजच. तिला हजार गोष्टी विचारायच्या होत्या. जेवण वेळेवर होतं का, झोप लागते का, ती खोलीतली मुलगी कोण, केस का कापलेस, मेसेजवरच्या फोटोत किती वाळल्यासारखी दिसतेस. ओठांवर सगळ्या रांग लावून उभ्या होत्या. बारकी ऑफिसातली काहीतरी गंमत सांगत होती, साहेबांची खुर्ची मोडली त्याची. मावशी ऐकत होती आणि दर वाक्याला मनात म्हणत होती, आता ठेव, आता ठेव, ती दमायच्या आत ठेव.

बारकी हसून थांबली तेवढ्यात मावशी म्हणाली, "बरं, ठेवते हं मी."

"अगं? एवढ्यात?"

"हो, गॅसवर दूध आहे. उतू जाईल."

"अगं, थांब ना जरा. मला तुला अजून सांगायचं होतं…" बारकी अडखळली. "बरं, जा. दूध बघ. मग मी उद्या करते. करू ना?"

"कर," मावशी म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

ती स्वयंपाकघरात गेली. शेगडी सकाळपासून थंडच होती. तिने ओट्याला टेकून डोळे पुसले, आणि मग पोरीशी खोटं बोललो असं व्हायला नको म्हणून तिने फ्रिजमधलं दूध काढून पातेल्यात ओतलं आणि गॅस पेटवला.